अंटार्क्टिकाच्या तळावर वर्षभर: माहितीपट पाहिल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

ध्रुवीय तळांवरचा माहितीपट संपला की लोक पेंग्विनबद्दल विचारतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिला हात वर होतो तो पाण्यासाठी: "नळाला पाणी कुठून येतं?" मग दाढदुखी, मग चपात्या, मग घरची आठवण. हे प्रश्न मला फार आवडतात, कारण पडद्यावर जे सहसा दिसत नाही तेच ते विचारतात. उत्तरं मुख्यतः भारताच्या मैत्री आणि भारती या तळांना धरून दिली आहेत. गरज पडली तिथे शेजाऱ्यांकडेही डोकावलो आहे.

भारताचे तळ नेमके कुठे आहेत?

अंटार्क्टिकात सध्या दोन तळ चालू आहेत. मैत्री १९८९ पासून, शिरमाखर ओअॅसिस नावाच्या भागात. ओअॅसिस म्हटलं की आपल्याला खजुराची झाडं आठवतात, पण इथे त्याचा अर्थ एवढाच की चहूकडे बर्फ आणि मध्ये उघड्या खडकाचा एक पट्टा. समुद्र तिथून सुमारे १०० किलोमीटर लांब. दुसरा तळ भारती, मार्च २०१२ मध्ये सुरू झालेला, लार्समन टेकड्यांवर, अगदी समुद्राच्या काठाशी. दोन्ही तळ आपलेच असले तरी एकमेकांपासून जवळपास ३००० किलोमीटरवर आहेत. काश्मीर ते कन्याकुमारी एवढं अंतर, आणि मध्ये ना गाव ना रस्ता. म्हणून "मैत्रीतला पाना भारतीला पाठवा" असं काही होत नाही.

यात गोव्याचं नाव सारखं का येतं?

कारण सुरुवातच तिथून झाली. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे भाड्याने घेतलेलं नॉर्वेजियन जहाज गोव्याहून निघालं. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते. ९ जानेवारी १९८२ ला ही तुकडी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली. आजही सगळ्या मोहिमांचं नियोजन गोव्यातूनच होतं. वास्कोजवळच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. खाली मुरगाव बंदर, बाहेर मे महिन्याचा घाम, आणि आत उणे २० अंशांची एक प्रयोगशाळा, जिथे अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे दंडगोल जपून ठेवतात आणि कापून तपासतात. वास्कोत राहणाऱ्या कितीतरी लोकांना याची कल्पना नसते.

जाण्याचा मार्ग मात्र आता बदलला आहे. माणसं बहुतेक करून केप टाउनला जातात आणि तिथून मालवाहू विमानाने पाच-सहा तासांत रशियाच्या नोवोलाझारेव्स्काया तळाजवळच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरतात. इंधन, यंत्रं, वर्षभराचा शिधा असं जड सामान जहाजाने येतं. ते बर्फाच्या काठावर उतरवायचं, स्लेजवर लादायचं आणि पिस्टन बुली नावाच्या, चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या गाड्यांनी ओढत मैत्रीपर्यंत न्यायचं. या ताफ्याला तिथले लोक कॉन्व्हॉय म्हणतात. शंभर किलोमीटर म्हणजे आपल्याकडे दोन तास. तिथे हवा फिरली तर किती वेळ लागेल हे कोणी आधी सांगत नाही.

आपला पहिला तळ बर्फात गाडला गेला, हे खरं का?

खरं आहे. दक्षिण गंगोत्री हा तळ १९८३–८४ च्या तिसऱ्या मोहिमेत, डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. तिथेच आपल्या माणसांनी पहिला हिवाळा काढला. पण तो समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर बांधला होता. तिथे वाऱ्याबरोबर भुरभुरीत बर्फ सतत वाहत असतो. वाटेत इमारत आली की वारा अडतो आणि बर्फ तिच्या आडोशाला साठत जातो. वर्षागणिक इमारत खाली आणि बर्फ वर. १९९० पर्यंत तळ सोडून द्यावा लागला.

त्या अनुभवातून मैत्री शिकला. तो खडकावर आहे आणि पायांवर उभा आहे, म्हणजे वारा खालून निघून जातो. भारतीही तसाच उंचावर. त्याचा सांगाडा १३४ मालवाहू कंटेनर जोडून केला आहे आणि वरून वाऱ्याला वाट देणारं कवच चढवलं आहे. ब्रिटनचा हॅली तळ तर स्कीसारख्या पायांवरच बांधला आहे. बर्फात भेग वाढत आली तेव्हा २०१६–१७ च्या उन्हाळ्यात तो अख्खा तळ ओढून २३ किलोमीटर आत नेला.

तिथे सगळे शास्त्रज्ञच असतात ना?

नाही, आणि माझी माहितीपटांबद्दलची मुख्य तक्रार इथेच आहे. हिवाळ्यात मैत्रीवर सुमारे २५ माणसं राहतात. त्यांत शास्त्रज्ञ असतात, हवामान खात्याचे लोक असतात. पण तळ जिवंत ठेवतात ते जनरेटरचा मेकॅनिक, गाड्यांचा मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर, सुतार, क्रेनचालक, दळणवळण सांभाळणारा, डॉक्टर आणि स्वयंपाकी. पडद्यावर अरोराखाली, म्हणजे ध्रुवीय आकाशातल्या रंगीत प्रकाशाखाली, उभा असलेला संशोधक दिसतो. त्याच्या खोलीत ऊब यावी म्हणून रात्री तीन वाजता ग्रीसने माखलेले हात चोळत बसलेला माणूस क्वचित दिसतो.

जनरेटर बंद पडला तर काय होतं, याचा विचार करून बघा. आपल्याकडे लाइट गेली की पंखा थांबतो. तिथे उष्णता थांबते. मग पाण्याचे पाइप गोठतात, गोठलेलं पाणी फुगून पाइप फाटतात, आणि काही तासांत राहती इमारत नुसती पेटी होऊन जाते. सुटा भाग मागवायचा म्हटला तर हिवाळ्यात विमान नाही, जहाज नाही. जे आहे त्यातून घडवायचं. दुकान नाही, मिस्त्री बोलावता येत नाही, म्हणजे मिस्त्री तुम्हीच. म्हणून तळावर एखादा जुना बोल्टसुद्धा कोणी फेकत नाही.

दुसरी भीती आगीची. बर्फाच्या खंडावर आगीची भीती ऐकून लोक हसतात. पण तिथली हवा कमालीची कोरडी, वारा सतत जोराचा, आणि विझवायला लागणारं पाणी गोठलेलं. ब्राझीलच्या कोमांदांते फेराझ तळावर फेब्रुवारी २०१२ मध्ये आग लागली, दोघांचा जीव गेला आणि तळाचा मोठा भाग जळून गेला. त्यामुळे आग विझवण्याचा सराव सगळ्यांना करावा लागतो, मग तो भूगर्भतज्ज्ञ असो की आचारी.

पाणी कुठून येतं?

मैत्रीच्या शेजारी गोड्या पाण्याचं तळं आहे, त्याचं नाव प्रियदर्शिनी. हिवाळ्यात वरून गोठतं, पण बर्फाच्या झाकणाखाली पाणी पातळच राहतं. ते पंपाने ओढायचं आणि पाइपात गोठू न देता आत आणायचं, हे हिवाळ्यातलं रोजचं युद्ध. भारतीजवळ समुद्र आहे, म्हणून तिथे खारं पाणी गोडं करतात. दोन्हीकडे पाणी जपूनच वापरायचं. अंघोळ म्हणजे बादलीभर चैन.

जेवायला काय?

डाळ, भात, चपाती. काश्मीरपासून केरळपर्यंतची माणसं एका टेबलाला बसतात, त्यामुळे स्वयंपाकी हा तळावरचा सर्वांत अवघड कामाचा माणूस आहे असं मी खात्रीने म्हणेन. भाज्या गोठवलेल्या किंवा डब्यातल्या, दूध पावडरचं. ताजं फळ, ताजी कोथिंबीर हे जहाज किंवा विमान आल्यावर चार दिवसांचं सुख. एकच शिधा वर्षभर पुरवायचा, त्यात चव बदलत ठेवायची आणि कोणी जेवणावर रुसलं तर ते मनावर घ्यायचं नाही. भांडी आणि झाडलोट पाळीपाळीने सगळ्यांनी करायची. त्याला गॅली ड्यूटी म्हणतात. त्या दिवशी तुमची पीएच.डी. बाजूला राहते.

सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते का?

ते फक्त प्रत्यक्ष ध्रुवावर. मैत्री साधारण ७१ अंश दक्षिणेला आहे. तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला सूर्य मावळतो तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतरच उगवतो. भारतीत ही रात्र थोडी आखूड, दीड महिन्याची. पण मिट्ट काळोख चोवीस तास नसतो. भर दुपारी उत्तरेच्या क्षितिजावर फिकट उजेड पसरतो आणि काही तासांत विरतो. सूर्य उत्तरेला, हेही आपल्या डोक्याला पचायला वेळ लागतो.

२१ जून हा तिथला मोठा सण, कारण त्यानंतर अंधार ओसरू लागतो. सगळ्या देशांचे तळ त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा पाठवतात आणि जेवणाचा बेत खास असतो. उन्हाळ्यात याच्या उलट त्रास: सूर्य मावळतच नाही, म्हणून खिडक्यांना जाड पडदे लावून झोप ओढून आणावी लागते.

थंडी किती?

जगातलं नोंदलेलं नीचांकी तापमान रशियाच्या वोस्तोक तळावरचं, २१ जुलै १९८३ चं, उणे ८९.२ अंश. मैत्री तेवढा क्रूर नाही, हिवाळ्यात पारा उणे ३० च्या आसपास उतरतो. खरा शत्रू वारा. आतल्या उंच पठारावरची थंड, जड हवा उताराने समुद्राकडे कोसळत येते आणि बर्फाची पूड उडवते. अशा वादळात हात पुढे केला तर पंजा दिसत नाही. म्हणून नियम कडक: एकट्याने बाहेर जायचं नाही, नोंद केल्याशिवाय दार ओलांडायचं नाही.

कोणी आजारी पडलं तर?

डॉक्टर तळावर असतो, छोटं शस्त्रक्रियागृहही असतं. पण हिवाळ्यात रुग्णाला बाहेर काढणं जवळपास अशक्य, म्हणून निघण्यापूर्वीच तपासणी फार बारकाईने करतात. दातसुद्धा बघतात.

आणि डॉक्टरच आजारी पडला तर? हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात, आणि त्याचं उत्तर मैत्रीच्या शेजारीच घडलेलं आहे. १९६१ च्या एप्रिलअखेर, चार-पाच किलोमीटरवरच्या नोवोलाझारेव्स्काया तळावर, २७ वर्षांच्या लिओनिद रोगोझोव्ह या सोव्हिएत डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. तळावर दुसरा डॉक्टर नाही, बाहेर वादळ. त्याने जागा बधिर करून घेतली आणि स्वतःचं पोट स्वतः कापलं. आरसा धरायला आणि अवजारं द्यायला सहकारी होते, त्यांत एक वाहनचालक आणि एक हवामान निरीक्षक. आरशात उलटं दिसत होतं म्हणून बराचसा भाग त्याने हाताच्या स्पर्शाने चाचपत केला. पावणेदोन तास लागले. दोन आठवड्यांत तो पुन्हा कामाला लागला.

मन कसं सांभाळतात?

हा प्रश्न सहसा आईवडिलांकडून येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. तेच पंचवीस चेहरे, तेच टेबल, तेच विनोद. झोप बिघडते, विसरभोळेपणा येतो, बोलता बोलता नजर कुठेतरी लागून राहते. अभ्यासकांनी एक गोष्ट वारंवार नोंदवली आहे: सगळ्यांत जड जातो तो मधला काळ नव्हे, त्याच्या थोडा पुढचा. अर्धं वर्ष सरल्याचा आनंद ओसरलेला असतो आणि घर अजून दूर असतं. जर्मनीच्या नोयमायर तळावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मरणाशी निगडित एका भागाचा आकार सरासरी सुमारे ७ टक्क्यांनी घटल्याचं त्यात आढळलं. लोक कमी, जागा तीच, दृश्य तेच. मेंदूलाही नवं काही लागतं.

उपाय साधेच आहेत. जेवण एकत्र, वेळेवर. कॅरम, टेबल टेनिस, वाढदिवस. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ सगळं साजरं करायचं. सर्वांत कठीण क्षण येतो तो घरून वाईट बातमी आल्यावर. वडील गेले तरी निघता येत नाही. तेव्हा उरलेले चोवीस जण हेच सोयरे.

बायका जातात का?

तिसऱ्या मोहिमेपासून. १९८३–८४ च्या त्या मोहिमेत दोघी होत्या: भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरी जीवशास्त्रज्ञ अदिती पंत. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा, पदवीचं शिक्षण पुण्यात, काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. मराठी शाळांतून त्यांचं नाव जितकं यायला हवं तितकं येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे इस्रोच्या मंगला मणी यांनी २०१६–१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस काढले. वय ५६, आणि २३ जणांच्या तुकडीत त्या एकट्या बाई.

एवढा खटाटोप कशासाठी?

तीन उदाहरणं देतो.

पहिलं आपल्या घरचं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी मुंबईत कुलाब्याला एकोणिसाव्या शतकापासून चालत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने सुया ढळतील म्हणून ती वेधशाळा अलिबागला हलवली. तिथे १९०४ पासून नोंदी चालू आहेत. हे काम पाहणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नव्या पनवेलला आहे, आणि तिचीच माणसं मैत्रीवर जाऊन तशीच मोजणी करतात. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण चुंबकीय रेषांच्या वाटेने ध्रुवांकडे वळतात. अरोरा त्यांचाच. मैत्री त्या पट्ट्याच्या काठाशी असल्यामुळे सौर वादळाचे हेलकावे तिथे अलिबागपेक्षा वेगळे आणि ठळक दिसतात. अलिबाग आणि अंटार्क्टिका ही जोडी कोणाला सुचली असती?

दुसरं भारतीचं. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातात, पण भारतावरून दिवसातून मोजक्याच वेळा. म्हणून २०१३ पासून भारतीवर उपग्रहांची माहिती उतरवून घेणारं इस्रोचं केंद्र आहे. तिथे उतरलेली माहिती हैदराबादजवळ शादनगरला पोचते.

तिसरं खडकांचं. लार्समन टेकड्यांच्या भागातले खडक आपल्या पूर्व घाटाशी नातं सांगतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन्ही भूभाग गोंडवन या प्राचीन महाखंडात एकमेकांना चिकटून होते. बर्फाचं महत्त्व तर सांगायला नकोच: अंटार्क्टिकाच्या खोल बर्फातल्या बुडबुड्यांत ८ लाख वर्षांपूर्वीची हवा सापडली आहे.

घरी फोन करता येतो? पत्र जातं?

उपग्रहामार्फत फोन आणि इंटरनेट आहे, पण ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. पत्राची गंमत अशी की १९८४ मध्ये दक्षिण गंगोत्रीवर टपाल कार्यालय सुरू झालं आणि पुढे ते गोवा टपाल विभागाखाली आलं. एप्रिल २०२४ मध्ये भारती तळावर नवी शाखा उघडली. तिला दिलेला पिन प्रायोगिक आहे: एमएच-१७१८. गोवा महाराष्ट्र टपाल परिमंडलात येतं, म्हणून पृथ्वीच्या तळाशी ही 'एमएच' अक्षरं. लिफाफे गोव्याच्या केंद्रात गोळा होतात, मोहिमेबरोबर जातात, तिथला शिक्का घेऊन परततात. वर्षभर वाट बघून असा लिफाफा हातात घेणारे बरेच संग्राहक आहेत.

पेंग्विनला हात लावता येतो का? अंटार्क्टिकाचा मालक कोण?

हात लावायचा नाही, किमान पाच मीटर दूर राहायचं. १९५९ च्या अंटार्क्टिक करारानुसार खंड शांततेसाठी आणि विज्ञानासाठी राखलेला आहे. भारत त्यात १९८३ मध्ये सामील झाला आणि २०२२ मध्ये आपण स्वतंत्र कायदाही केला. कचरा तिथे टाकून यायचा नाही. परके प्राणी न्यायचे नाहीत, म्हणून स्लेज ओढणारी कुत्रीसुद्धा १९९४ मध्ये परत नेली गेली.

तिथे अस्वलं असतात?

नाही, ती उत्तर ध्रुवाकडे. तिकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ओलेसुंडला आपला हिमाद्री तळ २००८ पासून आहे. पूर्वीचं कोळशाच्या खाणीचं गाव, आता अनेक देशांच्या संशोधकांचं. अस्वल आलंच तर पटकन आत शिरता यावं म्हणून तिथे दारांना कुलपं लावत नाहीत. संवेदनशील उपकरणांमुळे रेडिओ लहरींनाही आळा, म्हणून मोबाइल फ्लाइट मोडवर.

असे माहितीपट चित्रित कसे करतात?

बॅटरी थंडीत भराभर उतरते, म्हणून ती कपड्यांच्या आत अंगाशी ठेवतात. कॅमेरा बाहेरून एकदम उबेत आणला तर भिंगावर आणि आतही दव जमतं. तो हवाबंद पिशवीत घालून हळूहळू उबेला आणायचा. जुन्या लोकांचे हाल तर विचारू नका. दक्षिण ध्रुवावर गेलेल्या ब्रिटिश कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेवर छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंगची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तिथेच चिकटली. छायाचित्रकार फ्रँक हर्लेने १९१५ मध्ये शॅकल्टनच्या मोहिमेतल्या, बर्फात अडकून फुटत्या 'एन्ड्युरन्स' जहाजातल्या बर्फाळ पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या. वजन झेपणार नाही म्हणून त्यांतल्या सुमारे ४०० स्वतःच फोडल्या आणि जेमतेम १२० ठेवल्या.

हिवाळ्यात बाहेरचं चित्रपथक पोचतच नाही. म्हणून त्या रात्रीची खरी दृश्यं बहुधा तळावरच्याच कोणीतरी, काम संपल्यावर, टिपलेली असतात. माहितीपट पाहताना शेवटची नामावली वाचा. त्यात मेकॅनिक असेल.

माझा मुलगा आयटीआय झालाय. त्याला जाता येईल का?

येईल, प्रयत्न जरूर करा. गोव्याचं केंद्र वेळोवेळी जाहिरात काढून मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, वेल्डर, स्वयंपाकी, डॉक्टर अशी पदं कराराने भरतं. केंद्राच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा. वय, शिक्षण आणि अनुभवाच्या अटी त्या त्या जाहिरातीतच वाचा. कागदापेक्षा हाताचा अनुभव मोठा: डिझेल इंजिन उघडून जोडलेलं असणं, अवजड गाडी चालवलेली असणं. निवड झाली की दिल्लीच्या एम्समध्ये शरीराची आणि मनाची तपासणी, मग उत्तराखंडात औलीला भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या देखरेखीखाली बर्फावरचं प्रशिक्षण. मैत्री आता जुना झाला आहे आणि त्याच्या जागी मैत्री-२ बांधण्याची घोषणा २०२४ मध्ये झाली आहे, म्हणजे पुढची काही वर्षं बांधकामाच्या हातांना मागणी राहणार.

त्याला आतापासून दोन गोष्टी सांगा. दातांची कामं उरकून घे. आणि चपात्या लाटायला शीक. गॅली ड्यूटी त्यालाही चुकणार नाही.